काजळीचं बक्षीस

आश्विन लागला की लोणावळ्याच्या हवेत गवताचा वास सुटतो. पावसाळ्यात तो नसतो. तेव्हा ओल्या भिंती, कोळशाचा धूर आणि बुरशी यांचाच सगळा कारभार असतो आणि माणूस चार महिने कपडे वाळवण्यापलीकडे दुसरे काही करत नाही. मग एके सकाळी दार उघडावे तर समोरचा डोंगर जागच्या जागी दिसतो, धुके दरीत उतरलेले असते आणि माळावरचे गवत पिकायला लागल्याचा गोडसर, किंचित घसा धरणारा वास घरात येतो. इतरांना या वासाने दसरा जवळ आल्यासारखे वाटते. मला घोड्यांच्या शर्यती आठवतात आणि तो दिवस माझा वाईट जातो.

यंदाही तसेच झाले. लढाईच्या धास्तीने मुंबई सोडून आलेल्या कुटुंबांनी बंगले भरलेले आहेत, रॉकेल मोजून मिळते, बाजारात साखरेसाठी रांग लागते. एवढ्या गर्दीत माणसाला एकटे वाटू नये, असे कुणीही म्हणेल. पण मी बाजारामागच्या त्याच खोलीत राहतो. बंगलेवाल्यांची लिखापढी करतो, माळ्यांचे पगार वाटतो, किल्ल्या सांभाळतो. दिवसभरात माझ्याशी जे बोलतात ते किल्लीबद्दल बोलतात. बायको जाऊन इतकी वर्षे झाली की तिचा आवाज आठवायचा तर आता डोळे मिटून बसावे लागते.

शर्यती झाल्या तो हंगाम लढाईच्या आधीचा. बाजारापलीकडच्या माळावर पाऊस ओसरल्यावर आठ रविवार घोडे पळवायचे, असे काही बंगलेवाल्यांच्या मनात आले. त्यांनी एक मंडळ केले, सरकारची परवानगी आणली, बांबू रोवून त्यांना चुना फासला आणि एका टोकाला पत्र्याचे खोके उभे केले. त्या खोक्यात मला बसवले. खोक्याला एक हातभर खिडकी होती. तिलाच टोट म्हणायचे.

टोटची रीत सोपी होती. ज्याला ज्या घोड्यावर पैसे लावायचे असतील त्याने खिडकीत दोन रुपये द्यावेत आणि त्या घोड्याच्या नंबराचे तिकीट घ्यावे. शर्यत झाली की जमलेल्या रकमेतून मंडळाने रुपयामागे दोन आणे कापून घ्यायचे आणि उरलेले सगळे, जिंकलेल्या घोड्यावर ज्यांनी लावले त्यांच्यात वाटून टाकायचे. ते जे दोन आणे, त्यातून घोड्याच्या मालकाला बक्षीस. एका शर्यतीला खिडकीवर चारशे जमले की बक्षिसाचे पन्नास सुटत. चारशे भरले नाहीत तर बक्षीस निम्मे, पंचवीस. हा नियम फळ्यावर खडूने लिहिलेला असे आणि तो मीच दर रविवारी सकाळी नव्याने लिहीत असे.

मंडळाचे चिटणीस मुंबईचे एक वकील होते, वकिली सोडून हवा खायला आलेले. त्यांचा या रचनेवर फार विश्वास. ते मला समजावत, ‘हे बघा, बक्षीस मोठं ठेवलं की चांगले घोडे येतात. चांगले घोडे आले की माणसं येतात. माणसं आली की खिडकी भरते. खिडकी भरली की बक्षीस आणखी मोठं करता येतं. आहे की नाही?’

मी ‘आहे’ म्हणायचो. पण मला खिडकीतून वेगळेच दिसत असे. खिडकी इतकी बुटकी होती की मला कुणाचा चेहरा दिसत नसे, फक्त हात दिसत. अंगठ्या घातलेले हात, तंबाखूने पिवळी झालेली बोटे, मोटारीच्या तेलाचे काळे हात. पहिल्या शर्यतीला ते पुढे येत तेव्हा नोट दोन बोटांत सैल धरलेली असे. तिसऱ्या शर्यतीला तीच बोटे नोट सोडायला तयार नसत. आणि पुढच्या रविवारी त्यातले बरेचसे हात दिसतच नसत. बक्षीस पैजेतून येते हे खरे, पण पैज ज्यांच्या खिशातून येते ते हरणारे असतात, आणि हरायला माणूस किती रविवार येईल याचा विचार चिटणिसांनी केला नव्हता. मलाही ते कुणी विचारले नव्हते, म्हणून मी बोललो नाही.

आणखी एक गंमत सांगायची तर, आठ रविवार मी त्या माळावर बसलो आणि एकही शर्यत पाहिली नाही. खोक्याची पाठ मैदानाकडे होती. मी शर्यती ऐकल्या. आधी सगळे गप्प होत, मग जमिनीतून धडधड येई, खोक्याचा पत्रा थरथरे, आणि मग एकदम ओरडा उठे. कोण जिंकले ते मला हात सांगत.

धोंडूआबांचीही ओळख मला आधी हातांनीच झाली. पहिल्याच रविवारी दोन मोठे, भेगाळलेले, नखांत चिखल बसलेले हात खिडकीवर येऊन टेकले आणि नोट न देता तसेच राहिले.

‘तिकीट कुणाचं?’ मी विचारले.

‘तिकीट न्हाई. बक्षिसाचं पैसं हितंच मिळत्यात न्हवं?’

मी वाकून पाहिले. साठीला आलेले, खांद्यावर घोंगडी, मळवलीचे शेतकरी. त्यांची घोडी काजळी नुकतीच पहिली आली होती आणि बक्षीस कुठे मिळते ते त्यांना कुणी नीट सांगितले नव्हते.

भातशेती करणाऱ्या माणसाकडे शर्यतीची घोडी कुठून आली, हे मला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले. मुंबईच्या एका शेटजींनी आपली लंगडी झालेली घोडी चरायला म्हणून आबांकडे सोडली आणि ते पुन्हा आलेच नाहीत. घोडी गाभण होती. ती व्याली आणि महिन्याभरात गेली. मागे राहिलेले शिंगरू आबांनी आणि त्यांच्या बायकोने शेळीच्या दुधावर वाढवले. दाण्याला पैसे नव्हते तेव्हा आबांच्या मेहुण्याने दिले, म्हणून घोडीत निम्मी वाटणी मेहुण्याची. मेहुण्याला घोडीचे काही कौतुक नव्हते. पुण्याचा एक टांगेवाला तिला मागत होता. दिवाळीपर्यंत आबांनी पन्नास रुपये दिले तर मेहुणा वाटणी सोडणार होता, नाहीतर काजळी टांग्याला जाणार होती. आबांनी शर्यतीत उतरण्याचे कारण एवढेच.

पहिल्या बक्षिसाचे पैसे दाण्यात आणि नव्या नालांत गेले. मधल्या रविवारी खिडकी कधी भरली, कधी नाही. आबा दर वेळी घोडी घेऊन येत आणि संध्याकाळी निघताना खोक्याशी थांबत. तिसऱ्या की चौथ्या रविवारी ते म्हणाले, ‘भाऊ, खोलीवर जाऊन करनार काय? चला मळवलीला.’

मी गेलो. लोहमार्गाच्या कडेने दोन तासांची वाट. पुढे काजळी, तिची दोरी खांद्यावर टाकून आबा, मागे मी. एका बाजूला भाताची खाचरे, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि डोंगरावरून अजून बारीक बारीक धारा उतरत होत्या. आबा माझ्याशी फार बोलत नसत. ते घोडीशी बोलत. मला त्याचेही बरे वाटे. नुसत्या कुणाच्या मागे चालत जाण्यातही सोबत असते, हे मी विसरून गेलो होतो.

घरी मावशी होत्या, आबांच्या बायको. त्यांनी मला कुठले, कोण, पगार किती, काही विचारले नाही. हुलग्याचे माडगे आणि तांदळाची भाकरी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, ‘किती वाळलाय ह्यो. घरी कुनी न्हाई काय जेवू घालाया?’

‘नाही,’ मी म्हणालो.

‘मंग हितं येत जा. घरचंच मानूस समजायचं सोताला.’

कुणी आपल्याला घरचे म्हणावे, यात रडण्यासारखे काही नाही. पण मी भाकरीचा तुकडा तोंडात धरून बराच वेळ तसाच बसलो, एवढे आठवते. पुढचे सगळे रविवार माझे मळवलीचे झाले. सोमवारी पहाटे उठून चालत परत यायचो आणि दिवसभर अंगाला गोठ्याचा वास येई तो मुद्दाम धुऊन टाकत नसे.

काजळी जिंकत राहिली. ठाकरवाडीचा लक्ष्या, अंगाने काटकुळा गडी, तिच्यावर नुसता बसे. बाकी सगळे तीच करी. आणि इथेच चिटणिसांचा हिशेब चुकला. चांगली घोडी आली की खिडकी भरेल, असे ते म्हणत. झाले उलटे. काजळीच जिंकणार हे सगळ्यांना कळले तेव्हा बंगलेवाले म्हणू लागले, हिच्यावर लावून दोन रुपयांचे सव्वादोन मिळणार, आणि दुसऱ्यावर लावले तर तेही जाणार, मग लावायचे कशाला? घोडी जितकी पळे, तितकी तिच्या बक्षिसाची खिडकी रिकामी राही. कुणी कुणाचे वाईट केले नव्हते. ती फार चांगली होती, एवढेच.

गाव मात्र येई. मळवलीचे, आजूबाजूचे, आंदर मावळातून आदल्या दिवशी निघालेले. माळ माणसांनी फुलून जाई. चिटणीस खोक्याशी येऊन वैतागत, ‘अहो, एवढी माणसं आणि एक तिकीट खपत नाही? यांना कळत नाही का, की यांच्या दोन रुपयांवर त्यांच्याच घोडीचं बक्षीस आहे?’

त्यांना कळत नव्हते असे नाही. मी हे एकदा आबांना विचारले होते. ते हसले होते. ‘घरच्या जनावरावर पैज लावत न्हाईत, भाऊ. बैल असू दे न्हाईतर घोडी. दिष्ट लागती. आपलं जनावर आपल्यासाटनं पळतंय, त्याच्या पाठीवर आनी पैशाचं वझं कशापाई?’

‘पण सगळं गाव?’

‘काजळी गावाची हाय न्हवं आता. कुनी लावायचा न्हाई.’

‘मग दुसऱ्याच्या घोड्यावर तरी लावा. बक्षिसाला कुठलेही पैसे चालतात.’

हे मी थट्टेने म्हणालो. आबांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांचे हसणे गेले. ‘असं बोलू ने,’ एवढेच म्हणाले. मी तेव्हा ते सोडून दिले. एवढ्या स्पष्ट सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ माझ्यासारख्या, कागदावर ओळ न ओळ तपासणाऱ्या माणसाला लागू नये, याचे मला आजही नवल वाटते.

शेवटचा रविवार दिवाळीच्या तीन दिवस आधी आला. आबांजवळ तोवर काही साठले नव्हते; मधली बक्षिसे दाण्यात, लक्ष्याच्या मजुरीत आणि सावकाराच्या जुन्या देण्यात गेली होती. पन्नास हवे होते ते त्या एका शर्यतीचे. आणि सकाळपासून परतीचा पाऊस लागला. मुंबईहून येणारी मंडळी आली नाहीत. बंगल्यांतले थोडे छत्र्या घेऊन आले. गाव मात्र आले होते, घोंगड्या आणि इरली घेऊन, चिखलात उभे.

मी तिकिटे फाडत होतो आणि बेरीज करत होतो. दोनशे झाले. तीनशे व्हायला फार वेळ लागला. मग हात यायचे थांबले. घोडे सुटायला दहा मिनिटे होती आणि पेटीत तीनशे चौसष्ट रुपये होते. छत्तीस कमी.

त्या दिवशी माझ्या आतल्या खिशात माझे स्वतःचे चाळीस रुपये होते. गरम कपड्याचा व्यापारी सोमवारी पुण्याहून येणार होता आणि मी तीन हिवाळे एका कोटाची वाट पाहत होतो. मी त्या पैशांना हात लावला आणि काढून घेतला. पुन्हा लावला. खिडकीबाहेर पाऊस नुसता सरळ पडत होता. आबांना हे पैसे तसेच नेऊन दिले असते तर त्यांनी घेतले नसते. वर माझ्याकडे असे पाहिले असते की पुन्हा मळवलीला जायची सोय उरली नसती. पण खिडकीतून गेले तर ते बक्षीस होणार होते. व्यवहार म्हणून पाहिला तर शुद्ध वेडेपणा. माझ्या छत्तीसांतले साडेचार रुपयेच बक्षिसाच्या वाट्याचे, बाकीचे काजळीवर लावलेल्या कुणा बंगलेवाल्याच्या खिशात जाणार. पण त्या छत्तीसांनी खिडकी भरत होती, आणि खिडकी भरली की पंचविसाचे पन्नास होत होते.

प्रश्न राहिला, तिकिटे कुणाची घ्यायची. मी काजळीच्या नंबराकडे हात नेला आणि थबकलो. मी आता त्या घरचा होतो. घरच्याने घरच्या जनावरावर लावायचे नसते. इतके दिवस ज्यांच्या घरी जेवलो त्यांची रीत मी मोडू नये, माझी दृष्ट तिला लागू नये, असे मला मनापासून वाटले. मी, दोन इयत्ता इंग्रजी शिकलेला माणूस, दृष्टीला भ्यालो. आणि मला त्या भिण्याचा आनंद झाला, कारण घरच्या माणसालाच ती भीती असते. म्हणून मी त्याच शर्यतीतल्या एका करड्या घोड्याची अठरा तिकिटे फाडली, पैसे पेटीत टाकले, फळ्यावर चारशेचा आकडा लिहिला आणि तिकिटे खिशात घातली.

फळ्याशी आबांचा मेहुणा उभा होता. त्याने खिडकीतून सगळे पाहिले, तिकिटांचा नंबरही.

धडधड आली, पत्रा थरथरला, आणि गाव ओरडले. ओरड्यावरूनच मला कळले. मी पन्नास रुपये मोजून रुमालावर मांडून ठेवले आणि आबांच्या हातांची वाट पाहत बसलो. इतका आनंद मला लग्नाच्या दिवशीही झाला नसेल.

हात आले. ओले होते. पण त्यांनी पैसे उचलले नाहीत.

‘भाऊ,’ आबा म्हणाले, ‘मेव्हना म्हनतो त्ये खरं हाय का? तुमी करड्यावर लावलं?’

मी काही तरी बोलणार होतो. खरे सांगायला दोन वाक्ये पुरली असती. पण ती दोन वाक्ये सांगितली की रुमालावरचे पन्नास हे बक्षीस राहत नव्हते, ती भीक होत होती, आणि बाहेर सगळे गाव काजळीच्या कपाळाला गुलाल लावत होते. मेहुणा तर आबांच्या मागेच उभा होता. त्याने लगेच म्हटले असते की ही घोडी सुटली ती कारकुनाच्या खिशातून.

‘हो,’ मी म्हणालो.

‘किती?’

‘छत्तीस.’

ते खाली वाकले. आठ रविवारांत पहिल्यांदा त्यांनी खिडकीतून माझा चेहरा पाहिला. ‘आमच्या घरचं जेवला तुमी,’ ते म्हणाले. ‘काजळी हराया पायजे म्हनून छत्तीस रुपयं लावलं. मावशीला काय सांगू मी?’

त्यांनी पन्नास रुपये उचलले, तिथेच मेहुण्याच्या हातात दिले, आणि ते गेले. त्या संध्याकाळी माळ रिकामा होईपर्यंत मी खोक्यात बसून होतो. मळवलीच्या वाटेने गुलालाची ओरड दूर जाताना ऐकू येत होती. मागून चालत जावे, गाठावे, सांगावे, असे शंभरदा वाटले, आणि उठवले नाही.

हंगाम संपल्यावर चिटणिसांनी मला लेखी विचारले, खिडकीच्या उत्पन्नातून बक्षिसे पुढल्या साली भागतील काय? मी सगळे आठ रविवार मांडले. माझे छत्तीस धरले तर हंगाम कसाबसा उभा राहत होता. न धरले तर शेवटचे बक्षीस निम्मे होते आणि एकूण मेळ बसत नव्हता. ते छत्तीस धरायचा मोह मला झाला. शर्यती चालू राहिल्या असत्या तर आबा पुढल्या आश्विनात माळावर आले असते, निदान दिसले असते. पण दर साली कोण कोटाचे पैसे घालणार? एखाद्या जिवलगासाठी एखादा वेडा एकदा हरतो, त्यावर आठ रविवारांचा खेळ चालत नाही. मी ते छत्तीस वगळले आणि खाली लिहिले, भागणार नाहीत. शर्यती बंद झाल्या. बांबू कुणीतरी सरपणाला नेले.

मी पुढे मळवलीला कधी गेलो नाही. बाजारात एकदा मावशी दिसल्या. मी पुढे झालो, त्यांनी पदर ओढून घेतला आणि दुसऱ्या दुकानात शिरल्या. मग मी बाजाराच्या दिवशी खोलीतच बसू लागलो. लोक म्हणतात काळ जातो तशी धार बोथट होते. माझा अनुभव असा की धार तशीच राहते, आपण तेवढी जागा सोडून चालायला शिकतो.

परवा मात्र जावेच लागले. मळवलीच्या एका बंगल्याच्या किल्लीचे काम निघाले आणि दुसरे कुणी जाणारे नव्हते. लोहमार्गाच्या त्याच कडेने गेलो. हळवे, लवकर पिकणारे भात कापणीला आले होते आणि आबांच्या खाचरात एक म्हातारा एकटाच वाकून विळा चालवत होता. मी बांधावर थांबलो. तसाच पुढे गेलो असतो तर त्यांना कळलेही नसते, डोळे इतके अधू झाले होते.

‘कोन हाय?’ ते म्हणाले.

‘मी, आबा. लोणावळ्याचा.’

ते उभे राहिले. कंबर सरळ करायला त्यांना वेळ लागला. ‘आवाज वळखला,’ ते म्हणाले. ‘बसा, साहेब.’

मला ते पूर्वी भाऊ म्हणत. मी बांधावर बसलो. मावशी दोन वर्षांपूर्वी गेल्या, असे त्यांनी सांगितले. काजळीही गेली. वीस पावसाळे काढले असते तिने, पण पोटशूळ झाला. शेवटपर्यंत घरीच होती, मेहुण्याने पुन्हा तिचे नाव काढले नाही. नातवाला आबा रोज तिची गोष्ट सांगतात. ‘त्येला म्हनतो, बाबा, आपली काजळी कुनाच्या उपकारात ऱ्हायली न्हाई. सोताच्या पायानं पळली आन सोताला सोडवून घेतलं.’

मग त्यांनी विळ्याच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

‘साहेब, एक इचारू? लय वर्सं डोस्क्यात हाय. त्या दिशी पाऊस व्हता. बंगलेवालं आलं न्हवतं. गावानं लावलं न्हाई. मंग चारशे भरलं कशानं?’

हाच प्रश्न त्यांनी विचारावा म्हणून मी किती रात्री जागून काढल्या होत्या, आणि उत्तराची किती वाक्ये घोटून ठेवली होती. सगळी आली तोंडाशी. पण समोर ते उभे होते, नातवाला गोष्ट सांगणारे. त्यांच्याजवळ आता ती गोष्ट सोडून फारसे काही उरले नव्हते. ती मी घ्यावी आणि त्या बदल्यात काय, तर मला कुणी भाऊ म्हणावे?

‘भरलं होतं, आबा,’ मी म्हणालो. ‘दुपारच्या गाडीनं मुंबईची माणसं आली होती. उशिरा आली. तुम्ही घोडीपाशी होता.’

‘आन तुमी करड्यावर लावलं, त्ये?’

‘हाव सुटली होती मला. करड्याला भाव फार होता.’

मला वाटले, त्यांना हायसे वाटेल. बक्षीस बक्षीसच होते, घोडीने स्वतःच मिळवलेले होते, आता कसली शंका नको. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. तिथे तसे काही दिसले नाही. ते नुसते उभे राहिले, ओठ हलले, आणि खांदे जरा खाली आले.

‘मला येगळं वाटलं व्हतं,’ ते म्हणाले. ‘मावशीबी मरताना म्हनत व्हती, त्यो तसा मानूस न्हाई, तुमी जाऊन इचारा त्याला. दोन वर्सं झाली, धीर झाला न्हाई.’

मी आता ते कसे खोडणार होतो? आत्ताच मी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते.

‘बरं, या साहेब,’ आबा म्हणाले, आणि वाकून पुन्हा कापणीला लागले.